साबण कुठं ठेवलाय?

प्रिय सखी,

तुझं पत्र परवा मिळालं. तिकिटावर आता राजाचं चित्र आलंय. नातवानं ते लगेच कापून आपल्या वहीत चिकटवलं. तुझं अक्षर मात्र तेच, मिरजेच्या नर्सिंग हॉस्टेलात असताना ड्यूटीच्या रजिस्टरात यायचं तसं, उजवीकडं कललेलं. वाचताना वाटलं, तू शेजारच्या पलंगावरून बोलतेयस.

त्या पत्रातली एक ओळ दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये. तुमच्या वॉर्डात प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी हातांना चोळायच्या औषधाची बाटली अडकवलेली असते, त्यामुळं बेसिनपर्यंत जावं लागत नाही, असं तू जाता जाता लिहिलंस. अगं, आपले दिवस आठव. बेसिन वॉर्डाच्या टोकाला आणि पलंग तीस. एका पेशंटकडून दुसऱ्याकडं जाताना दर वेळी टोकापर्यंत जाऊन यायचं म्हटलं असतं, तर सकाळचा ताप लिहायला संध्याकाळ झाली असती. आपण कामचुकार नव्हतो. बेसिन लांब होतं. एवढी साधी गोष्ट समजायला मला साठी ओलांडावी लागली.

निवृत्त झाल्यावर काय करतेस, असं विचारलंयस. आठवड्यातून दोन सकाळी आमच्या आशाताईबरोबर घरोघर जाते आणि साबण कुठं ठेवलाय ते बघते. हात धुता का, असं विचारत नाही. तो प्रश्न मी बत्तीस वर्षं विचारला आणि बत्तीस वर्षं सगळ्यांनी ‘व्हय की’ हेच उत्तर दिलं. आता फक्त म्हणते, ‘साबण दाखवा बघू.’ कुणी उठून न्हाणीतून आणतं. कुणी फडताळातून काढतं, कागदात गुंडाळलेला, पाहुण्यांसाठी जपलेला. कुणाकडं तो धुण्याच्या दगडावर असतो, कपड्यांची निळी वडी. संडासाच्या दारापासून त्या साबणापर्यंत किती पावलं पडतात ती मी मनात मोजते. चुलीपासून किती, तीही मोजते.

हे मोजायला मला एका घरानं शिकवलं. उपकेंद्रातला माझा तिसरा की चौथा पावसाळा असेल. गॅस्ट्रोची साथ होती. विहिरीत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकून, पाण्याची ओटी टेस्ट करून, ओआरएसच्या पुड्या वाटून आम्ही थकलो होतो. अकरा महिन्यांचं मूल, जुलाब-उलट्या, डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. ओआरएस चमच्या-चमच्यानं पाजत होते, पण जीप मिळून तालुक्याला पोचेपर्यंत उशीर झाला. तेराव्यानंतर मी त्या घरी गेले. मी आधी शिकवलेलं सगळं त्या आईला पाठ होतं: शौचाहून आल्यावर, बाळाची शी काढल्यावर, स्वयंपाकाआधी, भरवण्याआधी. तिनं ते मला म्हणून दाखवलं. मग खाली बघत म्हणाली, ‘पर सिस्टर, पोरगं रडत अस्तंय, तव्यावर भाकरी करपत अस्ती. साबण न्हानीत, आन् न्हानी गोठ्याच्या पल्याड.’

तिला माहिती कमी नव्हती. तिच्या चुलीपासून साबण पंचवीस पावलांवर होता. मी तिला पुन्हा तेच तक्ते दाखवले असते तर तो त्या माउलीचा अपमान झाला असता. सखी, त्या पंचवीस पावलांचं मी त्या वर्षी काहीच केलं नाही. मला सुचलंच नाही.

तुझ्या त्या बाटलीमागची हकीकत मी नंतर वाचून काढली. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डॉ. दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टर-नर्स मंडळी हात कधी स्वच्छ करतात, ते शेजारी उभं राहून मोजलं. १९९४ मध्ये शंभरातल्या ४८ प्रसंगी हात स्वच्छ केले जात होते. बाटल्या पलंगाशी आल्या, भिंतींवर फलक लागले, आणि १९९७ पर्यंत ते ४८ चे ६६ झाले. यातला मला सगळ्यात पटलेला भाग असा की बेसिनवर हात धुणं वाढलंच नव्हतं, वाढला होता तो बाटलीचा वापर. जिनिव्हाच्या डॉक्टरांची ही गोष्ट, तर गोठ्यापलीकडच्या न्हाणीपर्यंत दिवसातून दहा वेळा जा, असं आमच्या बायकांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

आता एक बारीक गोष्ट सांगते. ती आपल्या तक्त्यांवर कधीच आली नाही, कारण तक्त्यावर नेहमी नळ असायचा. आमच्याकडं तांब्या आहे. तांब्यानं एकट्या माणसाला दोन्ही हात धुता येत नाहीत. करून बघ. उजव्या हातात तांब्या धरायचा, डाव्यावर ओतायचं, डावा मातीवर किंवा दगडावर घासायचा. म्हणजे धुतला जातो तो डावाच. दोन्ही चोळायचे म्हटलं तर तांब्या खाली ठेवायचा, मग फेस आलेल्या हातानं परत उचलायचा. एवढं करून शेवटी हात कुठं जातात? पदराला. ज्या पदरानं मघाशी पोराचं नाक पुसलं, तवा धरला, त्याच पदराला. ओल्या हाताला कोरड्या हातापेक्षा घाण लवकर चिकटते, हे आपण ऑपरेशन थिएटरमध्ये शिकलो होतो. गावात मी ते एकदाही बोलले नाही. आता सांगते की हात हवेत झटका, वाळू द्या, पदर राहू द्या.

तर आम्ही सांगतो काय, तर तोटीची बादली. प्लॅस्टिकच्या बादलीला बुडाशी भोक पाडून तोटी बसवायची आणि ती संडासाच्या दाराशी कट्ट्यावर ठेवायची. खाली झाडाचं आळं. वरच्या खिळ्याला साबण टांगलेला, जुन्या मोज्यात किंवा जाळीच्या पिशवीत, कारण उघडा साबण कावळे पळवतात. शाळेतल्या मुलांनी याहून सोपं केलंय. पाच लिटरचा तेलाचा रिकामा डबा दोन काठ्यांच्या मध्ये आडवा टांगायचा, तोंडाशी भोक, दोरी खाली एका काठीला बांधलेली. काठीवर पाय दिला की डबा वाकतो, पाण्याची बारीक धार येते. हाताला काहीच शिवावं लागत नाही. ही युक्ती मूळची झिंबाब्वेच्या खेड्यांतली. तिथून ती जगभर गेली. आमच्या पोरांनी तिचं नाव ‘पायनळ’ ठेवलंय. चौथ्या दिवशी तासभर पाणी येणाऱ्या गावाला तिची किंमत कळते, कारण दोन तांबे पाण्यात अख्ख्या वर्गाचे हात होतात.

‘साबन काय फुकट येतो व्हय?’ हा प्रश्न दर तिसऱ्या घरात येतो आणि तो खरा आहे. अंगाचा साबण चुलीजवळ ठेवला की तो भांड्यांना, कपड्यांना, सगळ्यालाच लागतो आणि आठ दिवसांत संपतो. सासू सुनेवर ओरडते. त्यावर बांगलादेशातल्या संशोधकांनी शोधलेला उपाय मला फार आवडला. कपडे धुवायच्या साध्या पावडरीतली ३० ग्रॅम पावडर दीड लिटर पाण्यात विरघळवायची आणि ती बाटली झाकणाला भोक पाडून टांगायची. अशी बाटली कुणी पळवत नाही, कुणी तिनं आंघोळही करत नाही, म्हणून ती आपल्या जागी राहते. जागी राहणं महत्त्वाचं. जाहिरातीतला जंतुनाशक साबणच हवा असं मानून ज्या बाया साधा साबण बिनकामाचा समजतात, त्यांना मी कराचीचं सांगते. तिथल्या गरीब वस्त्यांमध्ये घरोघर साबण देऊन हात धुवायला शिकवलं, त्याचे निकाल २००५ मध्ये छापून आले. जिथं साबण दिला होता तिथं पंधरा वर्षांखालच्या मुलांचे जुलाब ५३ टक्क्यांनी कमी, पाच वर्षांखालच्यांचा न्यूमोनिया ५० टक्क्यांनी कमी. आणि साधा साबण जंतुनाशक साबणाइतकाच उपयोगी पडला. न्यूमोनिया, सखी! हात धुण्यानं. मी ते दोनदा वाचलं.

राखेचं तू विचारशीलच. काहीच नसेल तर चुलीतली ताजी राख घ्यावी, तिनं घासलं जातं. पण अंगणातली माती नको. त्या मातीवर कोंबड्या फिरतात, शेळ्या बसतात आणि घरातलं सगळ्यात धाकटं माणूसही तिथंच बसतं. ‘ल्हान पोराची शी म्हंजे दूधच की,’ असं म्हणून ती उकिरड्यावर फेकतात, नाहीतर गटारात. ती मोठ्यांच्या शौचाइतकीच, कधी त्याहूनही धोक्याची. तिची जागा संडासातच. हे एक वाक्य मात्र मी अजूनही तोंडानं सांगते, कारण इथं खरोखर समज चुकीचा आहे, अंतर नाही.

संडासांचं आता. तू परदेशी गेलीस तेव्हा आपल्याकडं पहाटे टमरेल घेऊन बायका ओढ्याकडं जायच्या, दिवस उजाडायच्या आत. दिवसा कळ आली तर रात्रीपर्यंत दाबून धरायची. लघवीच्या किती तक्रारी मी त्यातून आलेल्या पाहिल्या! मग २००० साली आर. आर. पाटलांनी, आपल्या आबांनी, संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. आबा आपल्याच तासगावचे, त्यामुळं इकडं त्याचा जोर काय सांगू. म्हातारी माणसं खराटे घेऊन उतरली. स्वतः शाळेत न गेलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसं झाडायचे, हे सांगणारे बुजुर्ग तेव्हा हयात होते. पुढं २०१४ ला स्वच्छ भारत आलं, बारा हजार रुपये अनुदान मिळालं, २०१८ मध्ये राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला. घरं बदलली हे खरं. मी ते डोळ्यांनी पाहिलंय आणि त्याचा मला आनंद आहे.

पण त्या काळातली एक गोष्ट मनात सलते. गुड मॉर्निंग पथक म्हणून पहाटे ओढ्याकाठी जाऊन शिट्ट्या वाजवायची पद्धत होती. उघड्यावर बसलेल्याला गुलाबाचं फूल द्यायचं, नाव पुकारायचं. दोन पहाटे मीही त्यात होते. एक सत्तरीची म्हातारी शिट्टी ऐकून घाईनं उठली, तोल गेला, तांब्या सांडला. ती माझ्याकडं बघत होती. तिच्या दोन्ही सुनांची बाळंतपणं मी केलेली. तिसऱ्या पहाटे मी गेले नाही. त्या पहाटेचं लाजिरवाणं ओझं तिचं नाही, माझं आहे.

तिच्या घरी संडास होता, हे मला मागाहून कळलं. दार लावून त्यात सरपण ठेवलं होतं. का, ते विचारायला मी गेले आणि त्या दिवशी मला भांड्याचं शास्त्र कळलं. गवंड्यानं शहरातलं पसरट भांडं बसवलं होतं. त्याला दर खेपेला अर्धी-पाऊण बादली पाणी लागायचं. पाणी आणणार कोण, तर म्हातारी आणि सुना, हापशावरून. पाच माणसांच्या घरात दिवसाला चार-पाच बादल्या नुसत्या त्या भांड्यात. त्यापेक्षा एक टमरेल घेऊन ओढ्याकडं गेलेलं काय वाईट? तिचा हिशेब बरोबर होता. ग्रामीण भांडं वेगळं असतं. त्याचा उतार खडा असतो आणि खालचा कोंबडा, म्हणजे पाणी धरून ठेवणारी ती वाकडी नळी, उथळ. दीड-दोन लिटरमध्ये सगळं साफ होतं. दोन भांड्यांच्या किमतीत फारसा फरक नाही. फरक फक्त दुकानातून कोणतं आणलं याचा, आणि त्यानं एक घर पुन्हा ओढ्यावर गेलं.

खड्ड्याचंही असंच. ‘खड्डा भरला तर?’ या भीतीनं लोक घराएवढी मोठी टाकी बांधतात. पैसा तिथंच संपतो, वर भिंत उभी करायला उरत नाही. त्या टाकीचं घाण पाणी शेवटी गटारात जातं, वास काढायला उभ्या केलेल्या पाइपातून डास बाहेर येतात. त्या पाइपाला आम्ही जाळी बांधत फिरतो. खरं तर दोन शोषखड्डे पुरतात. कमरेएवढे खोल, जाळी सोडून केलेलं विटांचं बांधकाम, तळाला माती. मध्ये छोटं चेंबर, त्यातून दोन्हीकडं वाट. एक वाट बोळ्यानं बंद. पाच-सहा माणसांच्या घराला एक खड्डा पाचेक वर्षं चालतो. तो भरला की बोळा इकडचा तिकडं करायचा. भरलेला खड्डा वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवला की आत जे उरतं ते खत. विहिरीपासून मात्र लांब हवा, आणि न्हाणीचं पाणी त्यात सोडायचं नाही.

यावर कोण विश्वास ठेवतो? कुणीच नाही, आणि त्यामागं नुसती किळस नाही. मैला उपसायचं काम आपण पिढ्यान् पिढ्या ठरावीक जातीच्या माणसांच्या माथी मारलं. ‘भरल्यावर काढणार कोण?’ या प्रश्नात ते सगळं दडलेलं आहे. मला कोकणातल्या आप्पासाहेब पटवर्धनांची आठवण येते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी स्वतः भंगीकाम मागितलं, ते नाकारलं म्हणून अन्न सोडलं, आणि त्यांच्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपवास धरला. पुढं कणकवलीला गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचं खत होईल असा संडास तयार केला, म्हणजे दुसऱ्या माणसाला मैला वाहावा लागू नये. ब्राह्मण घरातला शिकलेला माणूस, आणि जन्म काढला या कामात. दोन खड्ड्यांचा संडास मला म्हणूनच नुसता स्वस्त वाटत नाही. तो भरला तरी त्यात कुणालाच उतरावं लागत नाही.

गेल्या मार्चमध्ये आमच्या गल्लीत पहिला खड्डा उघडला. सगळी गल्ली नाकाला रुमाल लावून लांब उभी. घरधन्यानं स्वतः झाकण सरकवलं, खोऱ्यानं ढवळलं, आणि काळी, भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखी माती वर आली. वास नाही. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग मूठभर घेऊन नाकाशी नेली आणि म्हणाला, ‘आरं, ही तर बांधावरची माती हाय.’ पोरांनी रुमाल काढले. दोन पाट्या त्यानं कढीपत्त्याला घातल्या, बाकीची शेतात नेली. त्या दिवसानंतर आमच्या गल्लीत टाकी बांधायचं कुणी बोललेलं नाही.

तुला वाटेल, सगळं छान चाललंय. नाही गं. कोरोनाच्या वर्षी प्रत्येक दारात बादली आणि साबण होता. पाहुणा आला की आधी हात. दोन वर्षांत त्या बादल्या गोठ्यात गेल्या. भीती गेली तशी बादली गेली. म्हणून आता मी भीती दाखवत नाही. जंतूंची चित्रं मी पेटीत बंद केलीत. जिथं नवीन घर बांधतायत तिथं पाया खणत असतानाच जाऊन बसते आणि म्हणते, संडासाच्या दाराशी एक कोनाडा सोडा, चुलीशी एक सोडा, आणि दोन्ही पोराचा हात पोचेल इतके खाली. गवंडी हसतात, पण सोडतात. आजवर अकरा घरांत सोडलेत. ओढ्याकाठच्या त्या म्हातारीच्या नातसुनेचं घर त्यातलंच. भांडंही नवं, खड्या उताराचं. म्हातारी ते बघायला राहिली नाही.

ज्या एका शाळेत मी जाते तिथं साबण कपाटात कुलूपबंद असायचा, तपासणीच्या दिवशी निघायचा. दुपारच्या खिचडीला पोरं तशीच बसायची. आता पायनळाची जबाबदारी तिसरीच्या मुलींनी घेतलीय, साबण संपला की त्याच घरोघर सांगत फिरतात. त्यांच्या आया चिडतात आणि साबण देतात.

तुझ्या नातीच्या बालवाडीत हात धुवायची जागा किती उंचीवर आहे, ते जमलं तर मोजून कळव. फुटानं नको, नातीच्या कमरेशी आहे की छातीशी, एवढंच लिही. मला अंगणवाडीचा कोनाडा सांगायचाय आणि पुढच्या आठवड्यात गवंडी येणार आहे.

बाकी सविस्तर पुढच्या पत्रात. बाहेर नळ सूं सूं करायला लागलाय. आज चौथा दिवस, तासाभरात सगळं भरून घ्यायला हवं.

तुझीच,
शेजारच्या पलंगावरची